लेन्सची मोटर रुसली, तर?

'फोटोवाला' हा शब्द आमच्या लहानपणी पुल्लिंगीच होता. आता तालुक्याच्या गावातसुद्धा डोहाळजेवण, बारसं, मुलीची हळद अशा कार्यक्रमांना "बाई फोटोग्राफर असेल तर बघा हं" असं मुद्दाम सांगणारी घरं आहेत. बायका मोकळेपणानं बसतात, हसतात, तान्ह्या बाळाचे फोटो काढताना आईला संकोच वाटत नाही. बचत गटाकडे पूर्वी कर्जाचे अर्ज यायचे ते शिलाई मशीनसाठी, शेवयांच्या यंत्रासाठी, फार तर शेळीसाठी. हल्ली कॅमेऱ्यासाठीही येतात. गटाचं काम करताना एक गोष्ट मात्र जाणवते. शिलाई मशीन अडलं तर काय करायचं, हे घरोघरी माहीत असतं. दोरा काढा, दाते साफ करा, तेल सोडा, नाहीच जमलं तर मिस्त्रीला बोलवा. कॅमेऱ्याचं तसं नाही. आणि धंद्याच्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा दगा देते ती बहुतेक वेळा कॅमेऱ्याची बॉडी नसतेच, ती असते लेन्स. लेन्समध्येही काच नाही, तर आतली बोटभर मोटर!

लेन्समध्ये मोटर असते? असं पुष्कळजणी विचारतात. असते. आपण बटण अर्धं दाबतो, 'बीप' होतं आणि समोरचा चेहरा स्वच्छ दिसू लागतो, त्या अर्ध्या क्षणात लेन्समधल्या भिंगांचा एक गट मागे किंवा पुढे सरकलेला असतो. तो सरकवणारी ही मोटर. होमाई व्यारावाला, म्हणजे आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, यांनी स्वातंत्र्याच्या काळातले ते गाजलेले फोटो काढले तेव्हा हे काम डोळा आणि बोटं मिळून करत. आपोआप फोकस करणारा बाजारातला पहिला कॅमेरा आला 1977 साली, कोनिका कंपनीचा. मग 1985 मध्ये मिनोल्टा 7000 आला आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांतही ही सोय लोकप्रिय झाली. (त्यावरून अमेरिकेत हनीवेल कंपनीनं मिनोल्टावर पेटंटचा दावा लावला आणि 1992 मध्ये मिनोल्टाला बारा कोटी डॉलरच्या वर पैसे मोजावे लागले. एवढ्याशा सोयीची एवढी किंमत!)

मिनोल्टात मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत होती. बॉडीच्या तोंडाशी पेचकसाच्या टोकासारखा दांडा, तो लेन्समधल्या खाचेत बसायचा आणि फिरवायचा. कॅननने 1987 मध्ये दुसरी वाट धरली, प्रत्येक लेन्सला तिची स्वतःची मोटर. पुढे हीच पद्धत रूढ झाली. हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे, त्यातून आजही फसवणूक होते. निकॉनच्या स्वस्त बॉडी, म्हणजे डी 3000 आणि डी 5000 या मालिकेतल्या, यांत मोटर नाही. त्यांच्यावर निकॉनचीच जुनी, मोटर नसलेली लेन्स लावली तर ती अगदी ठणठणीत असली तरी आपोआप फोकस करणार नाही. जुन्या बाजारात अशा लेन्स स्वस्तात मिळतात. घरी आणून लावली की "मोटर गेली" म्हणून रडारड. मोटर गेलेली नसते, ती मुळातच नव्हती! खरेदीआधी आपल्या बॉडीचा नंबर सांगून "यावर ऑटोफोकस चालेल ना?" एवढं विचारलं आणि दुकानातच लावून पाहिलं, तर हा ताप वाचतो.

आता या मोटरींच्या जाती. सगळ्यात साधी म्हणजे खेळण्यातल्या गाडीत असते तशी छोटी मोटर आणि तिला जोडलेली प्लॅस्टिकची दातेरी चाकं. ती चालताना कर्र कर्र आवाज येतो. स्वस्त लेन्समध्ये, पूर्वीच्या बऱ्याचशा किट लेन्समध्ये हीच. दुसरी 'स्टेपिंग मोटर', मोजूनमापून एकेक पाऊल टाकणारी, आवाज कमी, व्हिडिओला चांगली. कॅननने ती 2012 पासून आपल्या लेन्समध्ये आणली. आणि तिसरी म्हणजे महागड्या लेन्समधली 'अल्ट्रासॉनिक'. तिच्याविषयी मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण तिचं मूळ आपल्या ओट्यावर आहे.

गॅस पेटवायचा लायटर असतो ना, टक् करणारा? त्यात बॅटरी नसते, तरी ठिणगी पडते. आतल्या एका खास पदार्थाच्या तुकड्यावर हातोडी आपटते आणि दाब पडला की तो वीज तयार करतो. क्यूरी बंधूंनी, प्येर आणि जाक यांनी, 1880 मध्ये हा गुण शोधून काढला. त्याचं उलटही खरं आहे. त्याच पदार्थाला वीज दिली तर तो किंचित आखडतो, किंचित ताणतो. वीज सेकंदाला वीस हजारांपेक्षा जास्त वेळा उलटसुलट केली तर तो तितक्याच वेगानं थरथरतो, आपल्या कानाला ऐकूही येत नाही इतकं. म्हणून नाव अल्ट्रासॉनिक. अशा पदार्थाची गोल चकती धातूच्या कड्याला चिकटवलेली असते. कड्यावर लाट गोल गोल फिरत राहते आणि त्यावर दाबून बसवलेलं दुसरं कडं त्या लाटेबरोबर सरकतं. सुपात धान्य पाखडताना आपण दाणे हातानं ढकलत नाही, सूप हलवतो आणि दाणे आपसूक पुढे येतात. अगदी तंतोतंत तसं नाही, पण जातकुळी तीच. ही फिरत्या लाटेची मोटर जपानच्या तोशिइकू साशिदा यांनी 1982 च्या सुमारास तयार केली आणि पाचच वर्षांत कॅननने ती लेन्समध्ये बसवली. निकॉनने 1996 पासून आपली 'सायलेंट वेव्ह' आणली.

मग टिकते कोणती? महाग ती टिकाऊ, असं आपलं सरधोपट गणित असतं. इथे ते अर्धंच खरं आहे. गोल कड्याच्या अल्ट्रासॉनिक मोटरीत दाते नाहीत, त्यामुळे दाते झिजण्याचा प्रश्न नाही. चांगल्या वापरात ती वर्षानुवर्षं चालते. पण ती चालते घर्षणावर. दोन कड्यांच्या मध्ये तेलाचा ओशटपणा गेला तर कडी घसरतात, धूळ किंवा गंज गेला तर अडतात. निकॉनच्या काही जुन्या महागड्या झूम लेन्स आधी चिमणीसारख्या चिवचिवायला लागतात आणि मग एक दिवस बसतात, हे जुने फोटोग्राफर सांगतील. आणि ही मोटर बसली की सहसा अख्खीच बदलावी लागते. उलट स्वस्त कर्र कर्र मोटरीचा एखादा दाता तुटतो, तो गिअर बदलला की झालं.

नाव मोठं असलं तरी आतली रचना बघावी लागते, याचं एक उदाहरण कॅननच्या 50 मिलिमीटर एफ 1.4 या 1993 सालच्या लेन्सचं. चेहऱ्यांच्या फोटोंसाठी नावाजलेली. तिच्यावरही अल्ट्रासॉनिक लिहिलेलं आहे, पण आतली मोटर गोल कड्याची नाही, छोटी, गिअरवाली आहे. जवळचा फोकस करताना तिची पुढची नळी बाहेर येते. त्या वेळी समोरून टप्पल बसली, अगदी बॅगेतल्या बॅगेत दाब पडला, तरी आतली नळी किंचित वाकडी होते. मग मोटर बिचारी जोर लावते, अडकते, आणि नाव होतं "मोटर गेली" म्हणून. अशी लेन्स ठेवताना फोकस लांबवरचा करून नळी आत घ्यायची आणि पुढे कायम हूड लावायचं, एवढ्यानं तिचं आयुष्य वाढतं. पेंटॅक्सच्या 2007 मध्ये आलेल्या दोन भारी झूम लेन्सच्या मोटरीबद्दल अशाच पुष्कळ तक्रारी झाल्या. बरेच दिवस न वापरता ठेवलेली लेन्स आखडून बसते, असं वापरणारे सांगत. त्या लेन्समध्ये सुदैवानं बॉडीतल्या मोटरीवर चालायची जुनी खाचही ठेवलेली होती. हुशार कारागिरांनी लेन्सच्या आतली नोंद बदलून तिला जुन्या पद्धतीवर चालवायची युक्ती काढली. दोन वाटा ठेवलेल्या असल्या की एक बंद झाली तरी घर चालतं.

आता आमच्या गटातल्या एका मुलीची गोष्ट. वय सव्वीस, नवरा टेम्पो चालवतो, तिनं गटाकडून कर्ज घेऊन जुना कॅमेरा आणि एक झूम लेन्स घेतली. बारशांपासून सुरुवात केली आणि दोन वर्षांत लग्नाच्या ऑर्डरी घेऊ लागली. वैशाखातलं लग्न, इसार घेतलेला. आदल्या संध्याकाळी हळदीला लेन्स 'हंट' करायला लागली. म्हणजे मागेपुढे, मागेपुढे नुसती शोधत राहते, ठरत नाही. सकाळी तर नुसता कर्र आवाज, भिंग हलेचना. मंगलाष्टका सुरू झालेल्या. अंतरपाट किती वेळ दूर होतो? त्या दोन क्षणांत नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात, तो फोटो चुकला तर पुन्हा कुठून आणणार? ही पोरगी शहाणी. तिनं लेन्सवरची बारीक कळ 'एएफ' वरून 'एमएफ'वर केली, हातानं रिंग फिरवून वधूच्या मुंडावळ्यांवर फोकस धरला, छिद्र बारीक केलं, म्हणजे एफ 8 वर नेलं, फ्लॅश लावला आणि ती जागची हलली नाही. छिद्र बारीक असलं की मागेपुढे थोडं चुकलं तरी खपतं. अंतरपाट दूर झाला, फोटो मिळाला. अख्खं लग्न तिनं हातानं फोकस करून काढलं. संध्याकाळी मला म्हणाली, "ताई, डोळे असे दुखतायत ना, जणू दिवसभर सुईत दोराच ओवत होते!"

खरी कथा त्यानंतरची. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये दोन बस बदलून गेली. तिथे काउंटरवरच्या माणसानं लेन्स न उघडताच "मोटर असेंब्ली बदलावी लागेल" म्हणून सहा हजार आठशेचा आकडा सांगितला, वर "पार्ट यायला महिना लागेल". लेन्सची जुन्या बाजारातली किंमतच नऊ हजार. लेखी द्या म्हटलं तर "तसं देत नाही". ती परत आली. आमच्या गावात घड्याळं, रेडिओ दुरुस्त करता करता कॅमेऱ्याकडे वळलेले एक काका आहेत. त्यांनी पहिल्यांदा लेन्सच्या मागचे सोनेरी बिंदू पाहिले, ज्यातून कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी बोलतात. त्यावर हळदीचा पिवळा थर! स्वच्छ कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं आणि लेन्सनं थोडी हालचाल केली. पण कर्र काही जाईना. मग उघडली. एका गिअरचे तीन दाते गायब. ते का तुटले? ऑटोवर असतानाच कुणीतरी पुढची रिंग हातानं पिळली असणार, असं काका म्हणाले. ज्या लेन्समध्ये ऑटोवर असताना रिंग फिरवायची मुभा नाही, तिच्यात असं केलं की गिअरवर उलटा ताण येतो. घरातली लहान मुलं, "बघू बघू" म्हणणारे पाहुणे, सगळ्यांचे हात तिथंच जातात.

गिअर सुटा मिळत नव्हता. काकांनी तीच लेन्स, पण काचेत फंगस झालेली, भंगाराच्या भावात नऊशे रुपयांत मिळवली. तिची काच कामाची नव्हती, मोटर झकास होती. ती काढून हिच्यात बसवली. मजुरी नऊशे. अठराशे रुपयांत काम झालं. धंद्यात अशा लेन्सला 'डोनर' म्हणतात. मला तर नेत्रदानाचीच आठवण झाली, फक्त इथे डोळा गेलेला आणि हात-पाय दान केलेले!

पण सगळेच कारागीर असे नसतात, तेही सांगायला हवं. लेन्स उघडणं म्हणजे कुकर उघडणं नव्हे. आतली कागदासारखी पातळ पट्टी, ज्यातून वीज जाते, ती ओढताना फाटते. भिंगांच्या खाली बारीक चकत्या असतात, त्या इकडच्या तिकडे झाल्या की फोटोचा एक कोपरा कायमचा पुसट. म्हणून दुरुस्तीनंतर लेन्स घेताना दुकानातच तपासायची. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा समोर सरळ, शक्य तर तिपाईवर ठेवा, छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. मधल्यापेक्षा कोपरे थोडे मऊ असतात, ते चालतं. पण डावीकडचं वाचता येतंय आणि उजवीकडचं नाही, असं झालं तर लेन्स परत द्या. मग एकदा जवळ, एकदा लांब असं पंधरावीस वेळा फोकस करून बघा, झूम असेल तर दोन्ही टोकांना.

आणि मुळात दुरुस्तीला नेण्याआधी घरच्या घरी पाहण्यासारखं पुष्कळ आहे. ती बारीक कळ चुकून एमएफवर तर गेली नाही ना? बॅगेत घासून जाते. बॅटरी पुरेशी आहे ना? वस्तू फार जवळ तर नाही? प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत ती फोकस करतच नाही. अंधार आहे, किंवा समोर नुसती कोरी भिंत आहे? तिथे चांगली लेन्सही चाचपडते. दुसऱ्या कुणाची लेन्स आपल्या बॉडीवर आणि आपली दुसऱ्या बॉडीवर लावून पाहिली, की दोष कुणाचा ते कळतं. कॅननच्या पडद्यावर 'एरर 01' आला तर तो लेन्स आणि कॅमेरा यांच्यातल्या बोलण्यातला अडथळा असतो, तिथे आधी ते सोनेरी बिंदू पुसून बघावेत. आणि फोकस झटकन होतो, पण नाकाऐवजी कानावर बसतो, असं असेल तर मोटर चांगली आहे, जुळणी बिघडली आहे. ते काम वेगळं.

एक गोष्ट मात्र करायची नाही म्हणजे नाही. शिलाई मशीनचं तेल! अडलेल्या वस्तूत थेंबभर तेल सोडायचा आपला हात लगेच पुढे होतो. लेन्समध्ये ते तेल भिंगावर पसरतं, छिद्राच्या पात्यांना चिकटतं आणि अल्ट्रासॉनिक मोटर असेल तर तिचं घर्षणच संपवतं. होतं ते नुकसान दुप्पट.

पावसाळ्यात, विशेषतः आपल्या कोकणात, लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. रंग बदलणारं जेल मिळतं, रंग पालटला की त्यावर लिहिलं असेल त्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरायचं. डब्यात तांदूळ घालायचा सल्ला बऱ्याचजणी देतात. माझं मत विचाराल तर नको, त्याची पिठासारखी पूड उडते. कातडी पिशवीत तर मुळीच ठेवू नका, ती ओल धरते. आणि सीझन संपला म्हणून चार महिने कपाटात बंद करू नका. आठ-पंधरा दिवसांनी काढून, उजेडात, दहा-वीस वेळा फोकस मागेपुढे करा. लग्नात अक्षता पडताना, होमाचा धूर असताना मांडवात लेन्स बदलायची वेळ आली तर कोपऱ्यात जाऊन, बॉडीचं तोंड खाली धरून बदला.

आता नव्या जमान्याबद्दल. 2018 पासून कॅनन आणि निकॉन दोघांनीही आपला भर आरसा नसलेल्या, 'मिररलेस' कॅमेऱ्यांवर नेला. मोठ्या शहरांतले फोटोग्राफर तिकडे वळले आणि त्यांच्या जुन्या लेन्स स्वस्तात आपल्याकडे येऊ लागल्या. घ्या, जरूर घ्या. पण बंद झालेल्या लेन्सचे पार्ट कंपन्या काही वर्षंच ठेवतात, हे धरून किंमत करा. मिररलेसच्या बहुतेक लेन्समध्ये आणि जुन्यांपैकी स्टेपिंग मोटरवाल्या लेन्समध्येही आणखी एक मेख आहे. पुढची रिंग भिंगाला जोडलेलीच नसते. आपण ती फिरवली की ती मोटरला फक्त निरोप देते. म्हणजे मोटर गेली की हातानं फोकस करायची सोयही गेली! आमच्या त्या मुलीची लेन्स अशी असती, तर त्या दिवशी अंतरपाटाचा फोटो मिळालाच नसता. म्हणून लग्नाच्या ऑर्डरीला जाताना दुसरी लेन्स, साधी, स्वस्त का होईना, पिशवीत हवीच. एक चांगलं मात्र आहे. यातल्या काही लेन्स कॅमेरा बंद असताना हलवल्या की आत खडखडतात. वीज नसल्यामुळे आतला भिंगांचा गट सैल असतो, म्हणून. कॅमेरा चालू केला की आवाज थांबला, तर घाबरायचं कारण नाही.

दुरुस्तीच्या हक्काबद्दलही आपल्याला माहीत हवं. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं जुलै 2022 मध्ये यासाठी समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022 ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या आणि शेतीची अवजारं यांच्या कंपन्यांनी दुरुस्तीची, पार्टची, सर्व्हिस सेंटरची माहिती तिथे द्यावी, अशी कल्पना. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. पण तक्रारीला कागद लागतो. म्हणून नवी लेन्स घेताना पक्कं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड मागा. ते नसेल तर माल बाहेरून आलेला असतो आणि मग वॉरंटीची जबाबदारी इथलं सर्व्हिस सेंटर घेईलच असं नाही. दुरुस्तीला देताना लेन्सचा नंबर घातलेली पावती आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्या. "तसं देत नाही" म्हणणाऱ्याकडे लेन्स ठेवूच नका. आणि काम झाल्यावर बदललेला जुना गिअर, जुनी मोटर परत मागा. आमचे काका ती न मागताच देतात, छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत घालून, वर तारीख लिहून.